स्पर्शवर्तुळांचं प्रमेय: पाठ असूनही मार्क जातात ते इथे

दहावीच्या भूमितीतलं हे प्रमेय एका ओळीचं आहे: परस्परांना स्पर्श करणाऱ्या दोन वर्तुळांचा स्पर्शबिंदू त्यांची केंद्रं जोडणाऱ्या रेषेवर असतो. पाठ सगळ्यांचं असतं. पण वहीत उतरताना 'रेषेवर'चं 'रेषाखंडावर' होतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

5 सेमी आणि 3 सेमी त्रिज्येची, आतून स्पर्श करणारी वर्तुळं काढून बघा. मोठ्याचं केंद्र क, छोट्याचं ख, स्पर्शबिंदू स. कख फक्त 2 सेमी, आणि स मात्र ख च्याही पुढे 3 सेमीवर. रेषाखंड केव्हाच संपला! इथे क्रम क-ख-स. क-स-ख हा क्रम फक्त बाहेरून स्पर्श असेल तेव्हाच.

त्रिज्या 7 आणि 4 सेमी, वर्तुळं 'स्पर्श करतात' एवढंच दिलं, की मुलं केंद्रांतलं अंतर 11 लिहून मोकळी होतात. आतून की बाहेरून हे सांगितलेलं नसेल तर उत्तर 11 किंवा 3. (त्रिज्या सारख्याच असतील तर आतून स्पर्शाचा प्रश्नच नाही. अंतर शून्य, म्हणजे वर्तुळ एकच.)

खरी गळती सिद्धतेत. बाहेरून स्पर्श करणारी वर्तुळं, स मधून जाणारी रेषा क च्या वर्तुळाला प मध्ये आणि ख च्या वर्तुळाला फ मध्ये छेदते. रेख कप आणि रेख खफ समांतर आहेत हे दाखवायचं. पोरं थेट लिहितात, 'कोन कसप = कोन खसफ, विरुद्ध कोन'. अरे, पण क, स, ख एका रेषेत आहेत हे आधी म्हटलंय कुठे? आकृतीत सरळ दिसतं हे कारण चालत नाही. 'क-स-ख, स्पर्शवर्तुळांचे प्रमेय' ही ओळ आधी हवी. मग दोन समद्विभुज त्रिकोण, व्युत्क्रम कोन एकरूप, काम झालं. आतून स्पर्श असेल तर हीच सिद्धता उतरवू नका: तिथे स जवळचा कोन दोन्ही त्रिकोणांना सामाईक असतो आणि शेवटी संगत कोन लागतात.

आकृतीत वर्तुळं एकमेकांत घुसतात? मग दुसरं केंद्र अंदाजाने घेतलेलं असणार. आधी रेषा काढा, तिच्यावर स घ्या, दोन्ही केंद्रं स पासून मोजा. नंतर गुण्याने स मधून त्या रेषेला लंब काढा. तो कुठल्याही वर्तुळाला कापत असेल, तर कर्कटकाचा स्क्रू आवळून, पेन्सिलला टोक करून पुन्हा काढा.