गाडीतला बिघडलेला रेडिओ काढून नवा कसा बसवावा, कंपनीची एकही वायर न कापता

आमच्या गाडीतला टेप गेल्या पावसाळ्यात बंद पडला. ‘टेप’ हा बाबांचा शब्द. गाडीत कॅसेट कधीच नव्हती, पण आमच्या घरात गाडीत जे वाजतं ते टेपच. पुण्याहून साताऱ्याला जाताना त्यांना १०१ वर विविध भारती लागते, आणि घाटात एफएम खरखरू लागला की मिडियम वेव्हवर पुणे केंद्राचं ७९२. त्यामुळे नवा सेट घेताना पडदा किती इंची हा प्रश्न आमच्याकडे दुसरा होता. पहिला प्रश्न होता रेडिओ नीट लागेल का. तुमच्याकडेही तसंच असेल, तर हे काम घरी, एका रविवारच्या सकाळी होण्यासारखं आहे. घाई मात्र करू नका आणि हातात मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट, ओहम, अँपिअर मोजणारा मीटर, असू द्या.

सेट खरंच गेलाय का?

नवा सेट घेण्याआधी फ्यूज बघा. एक फ्यूज गाडीच्या फ्यूजबॉक्समध्ये असतो आणि पुष्कळ सेटच्या पाठीमागेही एक चपटा फ्यूज खोचलेला असतो, साधारण १० किंवा १५ अँपिअरचा. मधली तार तुटलेली दिसली तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. जास्तीचा घालू नका, कारण मग फ्यूजऐवजी वायर जळते.

लक्षणांवरूनही बरंच कळतं. सेट चालतो पण दर वेळी घड्याळ आणि लावलेली स्टेशनं विसरतो, म्हणजे कायम चालू राहणारा बारा व्होल्टचा पुरवठा तुटलाय. सगळं वाजतं पण फक्त रेडिओ खरखरतो, म्हणजे दोष बहुधा अँटेनाच्या वायरीत. एकच बाजू मुकी असेल तर आधी त्या दाराचा स्पीकर तपासा: चार ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण साडेतीन ओहम दाखवतो, जळलेला काहीच दाखवत नाही. बॅटरी बदलल्यावर सेट कोड मागत असेल तर तो बिघडलेला नाही, कुलूपबंद झालाय. तो कोड गाडीच्या कागदपत्रांत किंवा डीलरकडे मिळतो.

आमच्याकडे फ्यूज चांगला होता, पुरवठा येत होता, तरी सेट निपचित. तेव्हाच बदलायचं ठरवलं.

माप आणि निवड

गाडीतल्या सेटची दोन मापं ठरलेली आहेत. सिंगल डिन म्हणजे १८० बाय ५० मिलिमीटर आणि डबल डिन म्हणजे १८० बाय १०० मिलिमीटर. काही टोयोटा गाड्यांत खाच २०० मिलिमीटर रुंद असते. तिथे १८० चा सेट बसवला तर दोन्ही बाजूंना फट राहते, तिच्यासाठी पट्ट्या मिळतात. कंपनीचा सेट डॅशबोर्डच्या आकारातच ओतलेला असेल तर तुमच्या मॉडेलची आणि वर्षाची फ्रेम वेगळी घ्यावी लागते. नऊ किंवा दहा इंची अँड्रॉइड सेटला तर ती हवीच.

दुकानात तीन गोष्टी एकदमच घ्या: सेट, फ्रेम आणि कपलर. कपलर म्हणजे एका टोकाला तुमच्या गाडीचा सॉकेट आणि दुसऱ्या टोकाला नव्या सेटचा सॉकेट असलेली तयार वायरिंग. तो काही शे रुपयांत मिळतो आणि अख्ख्या कामातली सर्वांत मोलाची वस्तू तीच आहे. पुण्यात नाना पेठेत जाताना मी जुन्या सॉकेटचा आणि अँटेनाच्या टोकाचा फोटो फोनमध्ये घेऊन गेलो होतो, त्यामुळे दुसरी खेप पडली नाही. स्टिअरिंगवर आवाजाची बटणं असतील तर तेही आधीच सांगा. साध्या गाड्यांत त्यांच्यासाठी दोन वायरी पुरतात, नव्या गाड्यांत मात्र कॅनबॉक्स नावाची छोटी डबी लागते.

खोक्यावर छापलेल्या ‘५० वॅट गुणिले ४’ या आकड्याला भुलू नका. चालू गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. तेवढ्या व्होल्टमधून, वेगळा अँप्लिफायर नसताना, चार ओहमच्या स्पीकरला सलग जास्तीत जास्त २६ वॅट जाऊ शकतात, आणि त्यातलेही काही आतच उष्णतेत जातात. म्हणजे प्रत्यक्षात अठरा ते बावीस वॅट. हे गणित सगळ्या सेटना सारखंच लागू आहे, म्हणून वॅटच्या आकड्यावर दोन सेटची तुलना करू नका.

आता रेडिओचं. आपल्याकडे एफएम स्टेशनं १०० किलोहर्ट्झच्या टप्प्यावर असतात. अमेरिकी पद्धतीवर लावलेला सेट २०० किलोहर्ट्झच्या उड्या मारतो आणि फक्त विषम दशांशावर थांबतो: १००.९, मग १०१.१. पुण्यातली ९१.१, ९३.५ आणि ९८.३ ही खासगी स्टेशनं विषम दशांशावरच आहेत. ती खणखणीत लागतात, म्हणून दुकानात दोष कळतच नाही, आणि घरी आल्यावर विविध भारतीचं १०१.० मात्र धड लागत नाही. मिडियम वेव्हचंही तसंच. आपल्याकडचा टप्पा ९ किलोहर्ट्झचा. पुण्याचं ७९२ म्हणजे ९ गुणिले ८८, मुंबईचं अस्मिता वाहिनीचं ५५८ म्हणजे ९ गुणिले ६२. दहाच्या टप्प्याचा सेट ७९० नंतर थेट ८०० वर जातो. तेव्हा सेटिंगमध्ये ‘रेडिओ एरिया’ बदलता येतो का, हे पैसे देण्याआधी लावून बघा. जपानहून आलेला जुना सेट स्वस्तात मिळत असेल तर घेऊ नका. तिथला एफएम ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो, जुन्या सेटमध्ये ९० लाच संपतो, आणि आपली बहुतेक स्टेशनं त्याच्या आवाक्याबाहेर राहतात. मिडियम वेव्ह हवी असेल तर ती सेटमध्ये आहे का हेही विचारा, बऱ्याच सेटमध्ये आता ती नसतेच.

जुना सेट काढणे

गाडी सावलीत लावा. उन्हात तापलेलं प्लास्टिक मऊ पडतं आणि त्यावर ओरखडे उठतात, तर थंडीतल्या पहाटे तेच कडक होऊन खटके तुटतात. चावी काढा आणि दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह, म्हणजे काळी वायर सोडवा. त्यानंतर दहा मिनिटं थांबा. एअरबॅगच्या यंत्रणेत साठलेली वीज तेवढ्यात उतरते. डॅशबोर्डच्या आत पिवळ्या आवरणाची वायर किंवा पिवळा सॉकेट दिसला तर त्याला हात लावू नका, तो एअरबॅगचा असतो. तिथे मीटरही टेकवायचा नाही.

सेटभोवतीच्या चौकटीला कडेने मास्किंग टेप लावा. मग प्लास्टिकची पट्टी कडेत घालून एकेक खटका सोडवत जा. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. आमच्या गाडीत खालचे दोन खटके सुटले, पण वरचे हलेनात. टॉर्च मारून पाहिलं तर एसीच्या जाळीमागे एक स्क्रू लपलेला होता. जोर लावला असता तर चौकट नक्की तडकली असती. तेव्हा कुठे अडलं तर आधी स्क्रू शोधा.

चौकट निघाली की सेटच्या बाजूचे साधारण चार स्क्रू दिसतात. ते काढून सेट पुढे ओढा. पाठीमागच्या सॉकेटची जीभ दाबून तो सोडवा आणि अँटेनाची पिन सरळ ओढा. स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने कागदावर टेपने चिकटवून ठेवले की परत बसवताना शोधाशोध होत नाही.

वायरी ओळखणे

खरं काम हे आहे. आमच्या आधीच्या गाडीत एका दुकानात सेट बसवून घेतला होता. तिथल्या कारागिराने कंपनीचा सॉकेट सरळ छाटला, वायरी पिळल्या आणि काळी टेप गुंडाळली. दुसऱ्या मे महिन्यात डॅशबोर्डच्या उन्हाने टेपचा डिंक वितळला, टेप घसरली आणि दोन उघड्या तारा एकमेकींना चिकटल्या. फ्यूज उडाला म्हणून थोडक्यात निभावलं. गाडी विकताना त्या छाटलेल्या सॉकेटपायी पैसेही कमी आले. वॉरंटीतल्या गाडीत तर कापलेली वायर दिसली की पुढच्या प्रत्येक इलेक्ट्रिकल तक्रारीवर वाद सुरू होतो. म्हणून यावेळी ठरवलं होतं, कपलरच लावायचा.

नव्या सेटच्या वायरींचे रंग बहुतेक सगळीकडे ठरलेले असतात. पिवळी म्हणजे कायमचा बारा व्होल्ट, लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा, काळी अर्थ (गाडीच्या पत्र्याला जाणारी), नारिंगी पार्किंग लाइटबरोबर पडद्याचा उजेड कमी करणारी. निळी अँटेनाची. पांढरी जोडी पुढचा डावा स्पीकर, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. प्रत्येक जोडीतली काळ्या रेघेची वायर निगेटिव्ह.

गाडीच्या बाजूचे रंग मात्र कंपनीगणिक वेगळे असतात, आणि स्वस्त कपलरमध्ये वायरी उलटसुलट भरलेल्याही सापडतात. म्हणून कपलर आधी गाडीच्या सॉकेटला जोडा, बॅटरी तात्पुरती लावा आणि मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून कपलरचं दुसरं टोक तपासा. चावी बंद असताना पिवळीवर साडेबारा व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत आणि लालवर शून्य. चावी एसीसीवर (इंजिन बंद, पण रेडिओ चालतो त्या खाचेवर) आणली की लालवरही बारा. काही युरोपीय गाड्यांत या दोन जागा अदलाबदल झालेल्या असतात. तसं असेल तर दोन पिना काढून एकमेकींच्या जागी घाला. हे सुटलं तर चावी बंद केली की सेट सगळं विसरतो. आणि लाल वायर कायमच्या पुरवठ्यावर राहिली तर सेट झोपतच नाही, चार दिवसांत बॅटरी उतरते.

स्पीकर तपासायला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरतो. नवा सेट जोडायच्या आधी, जोडीच्या दोन्ही टोकांना सेल क्षणभर टेकवा. ज्या दारातून ‘खट्’ येईल तो त्या जोडीचा स्पीकर. जाळी काढलेली असेल तर स्पीकरचा कागदी पडदा हललेलाही दिसतो: सेलचं पॉझिटिव्ह स्पीकरच्या पॉझिटिव्हला असेल तर तो बाहेर येतो, उलट असेल तर आत जातो. एक स्पीकर उलटा राहिला की तबल्याचा डग्गा पोकळ वाजतो. लोक मग सेटला नावं ठेवतात.

आणखी एक. स्पीकरची निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला, म्हणजे अर्थला, कधीही जोडू नका. आजकालच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर साधारण सहा व्होल्ट असतात. त्यातली एक पत्र्याला लागली की आतला अँप्लिफायर जळतो.

जोडणी

तपासणी झाली की बॅटरी पुन्हा सोडवा. कपलर सेटला लावा, अँटेनाची पिन शेवटपर्यंत दाबा. नव्या गाड्यांत अँटेनाचं टोक चौकोनी प्लास्टिकचं असतं, त्याला अ‍ॅडॅप्टर लागतो. छतावरच्या आखूड अँटेनाच्या बुडाशी बऱ्याचदा छोटा बूस्टर असतो आणि त्याला वीज निळ्या वायरीने मिळते. निळी वायर मोकळी सोडली तर फक्त जवळची स्टेशनं लागतात. ‘नव्या सेटचा रेडिओ कमजोर आहे’ या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा हीच वायर असते.

जिथे जोड द्यावाच लागेल तिथे क्रिंप करा (धातूची छोटी नळी वायरींवर पक्कडीने दाबून आवळा), वर उष्णतेने आवळणारी नळी चढवा आणि सगळा गुच्छ कापडी टेपने बांधा. न लागणाऱ्या वायरींची टोकं एकेक करून झाका. व्हिडिओसाठी हँडब्रेकची वायर दिलेली असते. ती हँडब्रेकलाच जोडा, सरळ अर्थला नको. चालत्या गाडीत चालकासमोर व्हिडिओ चालता कामा नये.

चौकट लावण्याआधी सेट हातात धरूनच चालू करून बघा: चारही स्पीकर, एफएम, ब्लूटूथ, स्टिअरिंगची बटणं, मागचा कॅमेरा. इंजिन चालू करा आणि हलकं रेस करा. रेसबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर अर्थ कच्चा आहे. काळी वायर रंग खरवडलेल्या पत्र्यावर घट्ट बसवा. डॅशकॅम किंवा मोबाइलचा चार्जर लावल्यावरच रेडिओ खरखरला तर दोष सेटचा नाही, चार्जरचा आहे.

सगळं ठीक असेल तर वायरींचा गुच्छ सेटच्या पाठीमागे न कोंबता खालच्या मोकळ्या जागेत सोडा, स्क्रू आवळा, खटके हाताने दाबून बसवा. जुना सेट त्याच्या स्क्रूंसकट जपून ठेवा. गाडी विकताना कपलर काढून तोच परत बसवता येतो.

शेवटची तपासणी रात्री. चावी काढा, दारं बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून बॅटरीचं टोक आणि सोडवलेली वायर यांच्या मध्ये जोडा. मीटर असा जोडलेला असताना गाडी सुरू करू नका, मीटरचा फ्यूज उडेल. अर्धा तास थांबा, म्हणजे गाडीतली बाकीची यंत्रं झोपतात. आकडा ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. आमच्याकडे तो ०.०२ वर येऊन थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी स्वतः चावी फिरवली आणि ७९२ लावलं.