५७ किलोचा माणूस: शर्यतीच्या हलक्या बोटीवर पहिल्यांदा चढताना

मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या पोराचा मिलानहून फोन आला. "काका, गार्डा सरोवरावर शर्यतीच्या शिडाच्या बोटीला एक माणूस कमी पडतोय, मला बोलावतायत. जाऊ का?" मी म्हटलं, "जा की बे. पण आधी तुझं वजन सांग." तो गप्पच झाला. पोहता येतं का, हे मी विचारेन असं त्याला वाटलं असणार.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत रॅपिअर मागांची, म्हणजे कापड विणायच्या यंत्रांची, दुरुस्ती करतो. मध्ये तीन वर्षं इटलीत बर्गामोजवळ याच कामाला होतो. तिथल्या शेजाऱ्याच्या ओळखीने मेल्जेस २४ नावाच्या बोटीवर मला जागा मिळाली, ती माझ्या हुशारीमुळे नव्हे. तेव्हा या वर्गात सगळ्या खलाशांचं मिळून वजन ३७५ किलोच्या वर चालत नसे. चौघांचं भरलं ३१८. उरले ५७. माझं वजन ५७. संपला इंटरव्ह्यू!

हे वजनाचं प्रकरण आधी डोक्यात बसवा, बाकीचं आपोआप कळेल. ही बोट २४ फुटी, वजन सुमारे ८०० किलो, डोलकाठी कार्बन फायबरची. त्यात ३७५ किलोची माणसं बसली की पाण्यावरून धावणाऱ्या एकूण वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा माणसांचाच झाला. आणि तेवढाच हिस्सा हलवता येतो. म्हणून तुम्ही प्रवासी नाही, हलतं वजन आहात. वारा जोराचा असेल तर वाऱ्याकडच्या कठड्यावर ओळीने चिकटून बसायचं आणि नियमात बसेल तेवढं अंग बाहेर काढायचं. वारा मेला की काही जण दुसऱ्या बाजूला आणि पुढे नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, सरकतात, बोट जरा कलती ठेवतात, म्हणजे तिचं कमी अंग पाण्याला घासतं. वारा पाठीमागून घेऊन बोट उसळायला लागली की सगळे मागे. बसल्या जागी हात लांबवून पाण्याची बाटली घेतलीत तरी सुकाणूवाल्याला कळतं. मला त्यावरून दोनदा ऐकून घ्यावं लागलं.

ही बोट वन-डिझाइन वर्गातली. वन-डिझाइन म्हणजे काय, ते आपल्या सोलापूरकराला सांगायला सोपं. एकाच बनावटीचे दहा माग, एकच सूत, एकच डिझाइन, तरी एका मागावरची चादर सरळ उतरते आणि शेजारच्यावर काठ ओढला जातो. तसंच इथे. बोटीचं अंग, डोलकाठी, शिडांची मापं सगळ्यांची सारखी, मोजून तपासलेली. पैसे ओतून वेगळी बोट आणता येत नाही. रायशेल-प्यू या अमेरिकन जोडीने ती आखली, १९९३ साली विस्कॉन्सिनमधल्या झेंडा गावात मेल्जेस कुटुंबाच्या कारखान्यातून ती बाहेर पडली. त्या घरातल्या बडी मेल्जेस यांना १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये सोलिंग बोटीचं सुवर्ण मिळालं होतं.

आता हौशी आणि धंदेवाईक. आमच्या बोटीवर सुकाणू मालकाच्या हाती. तो हौशी, लोखंडाचा व्यापारी. डावपेच सांगणारा आणि शिडं सांभाळणारा असे दोघे पगारी. शिडाच्या बोटींच्या जागतिक संघटनेच्या वर्गवारीत हौशी तो गट १, धंदेवाईक तो गट ३. सगळेच गट १ चे असतील त्या बोटींना कोरिंथियन म्हणून वेगळं बक्षीस असतं, आमचा त्यात नंबर लागायचा प्रश्नच नव्हता. मालक खूश होऊन शर्यतीचे पैसे देऊ लागला तर नको म्हणा, हौशी गटातून नाव जाईल. आणि पगारी माणसाशी शर्यत चालू असताना चर्चा करू नका. तो जेवताना सगळं सांगतो, अगदी हातवारे करून. पाण्यावर त्याला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी असते: वारा कुठून येतोय त्याची बातमी. झोत येतो तिथलं पाणी काळवंडतं. हे शिकायला इटली लागत नाही, तुळजापूर रोडला हिप्परग्याच्या तलावावर तासभर बसा. काळा पट्टा दिसला की मनात आकडे मोजा, तुमच्यापर्यंत पोचायला किती लागतात बघा. आठवडाभरात अंदाज जमतो.

माझी सगळ्यात मोठी फजिती शब्दामुळे झाली. पाठवाऱ्यावर जेनेकर नावाचं फुगणारं मोठं शीड चढवतात. साधारण ६० चौरस मीटर, म्हणजे आपल्या ६० बाय ९० इंची चादरी सतरा-अठरा जोडा. मालक ओरडला, "शीट! शीट!" चादरवाल्याच्या पोराने काय करावं? मी कापड धरलं. बोटीवर शीट म्हणजे कापड नव्हे, शिडाच्या मोकळ्या कोपऱ्याला बांधलेला दोर. शीड वर नेणारा दोर तो हॅलियार्ड, आणि नाळेतून पुढे निघणाऱ्या दांड्याला खालचा कोपरा ओढून धरते ती टॅक लाइन. ही तीन नावं झोपेत विचारली तरी यायला हवीत.

चढवताना क्रम असा: पुढचा दांडा बाहेर, टॅक लाइन ओढून कोपरा टोकाला, मग हॅलियार्ड झपाझप, मग शीट. उतरवताना खरी परीक्षा. आधी शीट किंवा शिडाची खालची कड हातात आली पाहिजे, मग टॅक सोडायची, मग हॅलियार्ड. मी एकदा घाईत हॅलियार्ड आधी सोडला. अख्खं शीड पाण्यात, बोट त्याच्यावर, आणि आम्ही कोळ्यांसारखे जाळं ओढत बसलो. सहा बोटी पुढे गेल्या. त्यापेक्षा वाईट म्हणजे दोर न उलगडता ठेवणं, कारण गाठ कप्पीत अडकते आणि शीड ना वर ना खाली. दर फेरीनंतर हॅलियार्ड मोकळा करून ठेवा, कुणी सांगायची वाट बघू नका.

याचा सराव गच्चीवर होतो. आषाढातला वारा सुटला की एक चादर दोन कोपऱ्यांनी तारेला बांधा, तिसरा कोपरा धरून हातावर हात टाकत ती पोटाशी गोळा करा. एका हातात कड, दुसऱ्याने दाबत जायचं. कापड तिरपं ओढलं तर ताणतं, ताण्याच्या दिशेने ओढलं तर नाही, हे आपल्या हाताला ठाऊकच असतं. मग कमरेइतक्या उंचीवर दोरी बांधून तिच्याखालून या बाजूचे त्या बाजूला सरका, गुडघे न आपटता. बोट वळते तेव्हा डोक्यावरून आडवा दांडा फिरतो, त्याला दयामाया नसते. बायको म्हणाली, गल्लीत लोक बघतायत. बघू देत.

पोहणं विहिरीत शिकला असाल तरी लाइफ जॅकेट घालाच. गार्डाला सकाळी उत्तरेकडून पेलेर वाहतो, दुपारी दक्षिणेकडून ओरा. पाणी थंडगार, सोलापूरच्या माणसाची छाती पहिल्यांदा आवळतेच. मळकट बूट नकोत, पांढऱ्या तळाचे घ्या. बोटं उघडी राहतील असे हातमोजे घ्या.

शर्यतीला वजन करत असतील तर आदल्या दिवशी बाकीचे चौघं सॅलडवर असतात. तुम्ही ५७ चे असाल तर खुशाल कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढा, त्यांना दाखवून खा. फक्त बोटीवर चढण्याआधी हात साबणाने दोनदा धुवा. त्या चटणीचं तेल हॅलियार्डला लागलं तर पकड सुटते, आणि मग कोण खाल्लं होतं ते विचारायची गरज राहत नाही.