जनावरांच्या यात्रेचा इतिहास लिहायचा तर

यात्रा किती जुनी, हे विचारण्याआधी प्रश्नाचे दोन तुकडे करा: देवाची यात्रा कधीपासून आणि जनावरांचा बाजार कधीपासून. दोन्हींचं वय क्वचितच सारखं निघतं. स्मरणिकांत मात्र मंदिराची आख्यायिका बाजारालाही चिकटवलेली असते, आणि पुढचे सगळे तेच उतरवून घेतात.

लेखी पुराव्यासाठी आधी मुंबई इलाख्याचं जिल्हा गॅझेटिअर, म्हणजे इंग्रज सरकारचा जिल्ह्यावरचा माहितीग्रंथ, उघडा (खानदेश १८८०, सातारा १८८५, कोल्हापूर १८८६). गावांच्या प्रकरणात यात्रेचा उल्लेख सापडू शकतो. जनावरांबद्दल ओळ नसली म्हणून बाजार नव्हताच, असं ठरत नाही. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाची यात्रा या खंडांत शोधू नका. नांदेड तेव्हा निजामाकडे होतं. तिथली कागदपत्रं बरीचशी उर्दूत, आणि सन फसली, म्हणजे महसुलासाठी वापरलं जाणारं.

सन बदलताना घोळ होतो तो इथेच. माळेगावची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमाराची. इसवी सन काढायला, ती डिसेंबरात आली तर शकात ७८ मिळवा, जानेवारीत सरकली तर ७९. हैदराबादी फसली ऑक्टोबरात सुरू होई, म्हणून डिसेंबरसाठी ५९० मिळवायचे, जानेवारीसाठी ५९१. तिथी छापील जुन्या पंचांगावर ताडून बघा.

जुन्या मुंबई राज्यातल्या जिल्ह्यांत १९६२ पूर्वीचे यात्राकराचे कागद लोकल बोर्डाच्या (जिल्हा परिषदेआधीच्या संस्थेच्या) दप्तरात, नंतरचे जिल्हा परिषदेत किंवा ग्रामपंचायतीत शोधा. जनावरांचा बाजार बाजार समितीकडे असेल तर खरेदी-विक्रीच्या दाखल्यांची स्थळप्रत, म्हणजे कार्यालयात राहिलेली प्रत, मागा. तिच्यावरची किंमत मात्र डोळे झाकून घेऊ नका. सौदा रुमालाखाली बोटं धरून व्हायचा, आणि फी वाचवायला दाखल्यावर आकडा कमी लावायची सोय होतीच.

म्हाताऱ्या हेड्यांना, म्हणजे जनावरांच्या व्यापाऱ्यांना, साल विचारू नका, चुकीचंच मिळेल. 'बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?', 'कोयनेच्या भूकंपाच्या वर्षी?' असं विचारा. भाव सांगितला तर तो एका बैलाचा की जोडीचा, आणि दातांवरून ठरणाऱ्या वयाने आदत (दुधाच्या दातांचा), दुसा (दोन दाती), चौसा (चार दाती) की जुळलेला (सगळे दात आलेला), हे तिथल्या तिथे टिपून घ्या. त्याशिवाय दोन वर्षांच्या भावांची तुलना होत नाही. खिलार खोंडांचे भाव मांडताना २०१४ ते २०२१ ही बैलगाडा शर्यतबंदीची वर्षं वेगळी काढा. २०२० चा कोरोना आणि २०२२ ची लम्पी या जनावरांच्या त्वचारोगाची साथ यांत भरलेले-न भरलेले बाजारही कारणासकट नोंदवा.