घरी शिकणाऱ्या मुलासाठी गणिताचं पुस्तक निवडताना

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे घरीच शिकवणाऱ्या आईबाबांपुढे निदान तीन पर्याय असतात: बालभारती, कर्नाटकची मराठी माध्यमाची पुस्तकं आणि एनसीईआरटीचं 2023 पासूनचं ‘आनंदमय गणित’ (हिंदीत). तिन्ही फुकट डाउनलोड होतात, त्यामुळे महागडा संच घ्यायची घाई नको.

मुखपृष्ठ, चित्रं बघत बसू नका. तिन्हींतला वजाबाकीचा धडाच उघडा. 42 मधून 17 वजा करताना दशक सुटा कसा होतो, हे मुलाला हातांनी करता येतं का? दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडा. एका गठ्ठ्याचं रबर मुलालाच सोडू द्या. सुट्या बारा झाल्या, त्यांतल्या सात काढल्या, मग एक गठ्ठा उचलला, उरल्या पंचवीस. ज्या पुस्तकात हे आधी आणि उभी मांडणी नंतर येते, ते घ्या. नुसती उदाहरणांची रांग असेल तर सहा-सात वर्षांच्या मुलासाठी माझं स्पष्ट मत ‘नको’ असंच आहे.

इयत्ता वयावरून ठरवू नका, जिथे मूल अडखळतं तिथून सुरू करा. पुढे इथल्याच शाळेत घालायचं असेल, तर कर्नाटकच्या पुस्तकातली अनुक्रमणिका तेवढी जवळ ठेवा.