ज्यूरीचा कौल विरोधात गेला? अमेरिकेत मालप्रॅक्टिसचं अपील करताना या चुका टाळा

आपल्याकडे खालच्या कोर्टात हरलेला माणूस "वर जाऊ" म्हणतो, तेव्हा वरचं कोर्ट सगळं पुन्हा बघेल असं त्याने धरलेलं असतं. दिवाणी दाव्याच्या पहिल्या अपिलात ते बरंचसं खरंही आहे. साक्षीपुरावा तिथे नव्याने तोलता येतो. नानावटी खटला तर सगळ्यांना माहीत आहे. फौजदारी होता, पण लक्षात राहिला तो याचसाठी: मुंबईच्या ज्यूरीने 1959 मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं, न्यायाधीशाला ते पटलं नाही आणि हायकोर्टाने कौल फिरवला.

हीच अपेक्षा घेऊन न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात डॉक्टरविरुद्धच्या मालप्रॅक्टिसच्या, म्हणजे उपचारातल्या निष्काळजीपणाच्या, दाव्याचं अपील करायला निघालात, तर पहिल्याच पायरीवर ठेच लागते. ज्यूरीने कोणत्या तज्ज्ञावर विश्वास ठेवला, हा विषय तिथे जवळजवळ बंद झालेला असतो. अपिलात नवा साक्षीदार नाही, नवा रिपोर्ट नाही, भारतातल्या ओळखीच्या सर्जनचं पत्र तर नाहीच. पाहिलं जातं ते एवढंच: खटला चालवताना कायद्याची चूक झाली का, ती त्याच वेळी दाखवून दिली होती का आणि तिचा निकालावर परिणाम होण्यासारखा होता का.

कौलाचा फॉर्म नीट न वाचणं

घरच्यांचा सगळ्यात जास्त संताप इथेच होतो. ज्यूरीच्या हातात बऱ्याचदा प्रश्नांचा कागद असतो. पहिला प्रश्न, डॉक्टरने मान्य वैद्यकीय निकष सोडून उपचार केले का? उत्तर: हो. दुसरा, त्यामुळेच रुग्णाला इजा झाली का? उत्तर: नाही. तिथेच दावा संपतो आणि एक डॉलरही मिळत नाही. "चूक मान्य केली, मग भरपाई का नाही?" हा प्रश्न माणूस म्हणून अगदी रास्त आहे, पण कायद्याच्या नजरेत ही दोन उत्तरं एकमेकांना छेद देत नाहीत. निदानाला चार महिने उशीर झाला हे खरं, पण वेळेत झालं असतं तरी आजार तिथेच गेला असता, असं ज्यूरीला वाटू शकतं. तेवढ्या विसंगतीवर अपील टिकत नाही.

दुसऱ्या प्रश्नाला "नाही" लिहून खाली रक्कमही भरली असेल, तर गोष्ट वेगळी. मात्र तेव्हा वकिलाने ज्यूरी कोर्टात बसलेली असतानाच उठून बोलायला हवं. न्यायाधीशाने त्यांचे आभार मानून घरी सोडलं, की बऱ्याच कोर्टांत तो मुद्दा हातचा गेला समजा.

कागदावर न आलेली हरकत

खटला चालू असताना वकील न्यायाधीशाच्या टेबलाशी जाऊन हळू आवाजात वाद घालतात. तुमच्या वकिलाने तिथे कितीही जोरदार हरकत घेतलेली असो, कोर्ट रिपोर्टरने (खटल्यातला शब्द न् शब्द टिपणाऱ्या लेखनिकाने) ती टिपली नसेल आणि नंतर नोंदवूनही घेतली नसेल, तर वरच्या कोर्टाच्या लेखी ती घेतलेलीच नाही. नुसतं "ऑब्जेक्शन" म्हणूनही भागत नाही, कारण सांगावं लागतं. ज्यूरीला दिलेल्या सूचनांवरची हरकत ज्यूरी विचारविनिमयाला जाण्याआधी.

कॅलिफोर्नियात आणखी एक खाच आहे. दिवाणी खटल्यांत अनेक ठिकाणी कोर्ट स्वतःहून रिपोर्टर पुरवत नाही. पक्षकारांनी पैसे देऊन आणायचा. एका कैद्याचा मालप्रॅक्टिसचा दावा याच पायी अडला होता. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे खटल्याची शब्दशः नोंद, नाही म्हणून त्याचं अपील फेटाळलं गेलं. शेवटी 2018 मध्ये तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, ज्याची कोर्ट फी माफ झाली आहे त्याला रिपोर्टर मिळालाच पाहिजे. ज्याची फी माफ नाही, त्याने मात्र खिशात हात घालायचा. तो खर्च वाचवणं म्हणजे अपील आधीच सोडून देण्यासारखं आहे.

चुकीच्या दिवसापासून मुदत मोजणं

अपिलाची मुदत कौल वाचला त्या दिवसापासून नव्हे, अंतिम निकाल नोंदला गेल्यापासून किंवा त्याची नोटीस बजावल्यापासून मोजतात. न्यू जर्सीत साधारण 45 दिवस, न्यूयॉर्कमध्ये नोटिशीपासून 30, कॅलिफोर्नियात नोटिशीपासून 60. टेक्ससमध्ये 30, पण नव्या खटल्याचा अर्ज (खटला पुन्हा चालवा, असा त्याच कोर्टाकडे केलेला) वेळेत केला असेल तर 90. फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात 30.

गंमत अशी की, न्यू जर्सीत नव्या खटल्याच्या अर्जाचे 20 दिवस मात्र कौलाच्या दिवसापासूनच धावू लागतात. तो अर्ज केला नाही, तर "कौल पुराव्याला धरून नाही" हा मुद्दा वरचं कोर्ट ऐकत नाही. फेडरल कोर्टात अशा अर्जाला निकालापासून 28 दिवस आहेत आणि न्यायाधीशालाही ते वाढवता येत नाहीत.

"कोर्टाच्या क्लार्कने तारीख सांगितली होती" यावरही विसंबू नका. "बोल्स विरुद्ध रसेल" या प्रकरणात (ते मालप्रॅक्टिसचं नव्हतं) अपिलाची हुकलेली मुदत पुन्हा उघडून देताना न्यायाधीशानेच चुकून 14 ऐवजी 17 दिवस दिले. पक्षकार त्या 17 दिवसांत आला, पण 14 उलटून गेल्यावर. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी त्याचं अपील बाद ठरवलं. मला तो निकाल अजूनही निष्ठुर वाटतो, पण कायदा म्हणून तो उभा आहे.

ज्यूरीतल्या माणसांना फोन करणं

करूच नका. न्यू जर्सीत कोर्टाच्या परवानगीशिवाय ते चालतच नाही. शिवाय आत कोण काय बोललं, कोणी कोणाला दामटलं, हे सहसा पुरावा म्हणून घेतलं जात नाही. कोणी घरी जाऊन इंटरनेटवर माहिती शोधून आणली असेल, तर ती बाहेरची गोष्ट म्हणून विचारात येऊ शकते. तेही वकिलामार्फतच.

जिंकल्यावरच्या चुका

कॅलिफोर्नियात वेदना आणि मनस्तापाच्या भरपाईवर 1975 पासून अडीच लाख डॉलरची मर्यादा होती. 2023 पासून ती वाढली आहे आणि दरवर्षी थोडी चढते. ज्यूरीने त्याहून जास्त दिले, तर न्यायाधीश रक्कम खाली आणतो. ती त्याची चूक नव्हे, त्यामुळे केवळ त्यावर अपील करून पैसे घालवू नका. रक्कम कमी वाटते म्हणून अपील करायचंच असेल, तर चेक वटवण्याआधी वकिलाला विचारा. पैसे स्वीकारले की अपिलाचा हक्क जाऊ शकतो. आणि वकिलाबरोबरचा करार पुन्हा काढून वाचा. भरपाईतला ठराविक हिस्सा घेऊन खटला लढणाऱ्या वकिलांच्या करारात अपिलाचं काम बऱ्याचदा धरलेलं नसतं.