घरच्या गिटारसाठी परवडणारा ट्यूब ॲम्प

ट्यूब ॲम्प म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा ॲम्प्लिफायर. तो घेताना वॅट बघून भुलू नका. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात, म्हणून १५ वॅटचा ॲम्प ५ वॅटच्या तिप्पट मोठा वाजत नाही. ट्यूबचा गोड, किंचित फाटलेला स्वर ॲम्प ताणल्यावरच, म्हणजे आवाज बराच वाढवल्यावरच येतो. संभाजीनगर-लातूरच्या फ्लॅटमध्ये ५ वॅटही शेजाऱ्यांना जड जातात. बुगेरा व्ही-५ या ५ वॅटच्या ट्यूब ॲम्पमध्ये १ आणि ०.१ वॅटचीही सोय आहे, ती इथे कामाला येते. ड्रमसोबत वाजवायचं असेल तर १५ वॅट आणि १२ इंची स्पीकर घ्या. ८ इंचीत खर्ज पातळ होतो.

जुना ॲम्प घेताना मागची पाटी आधी वाचा. १२० व्होल्टचा अमेरिकी ॲम्प आपल्या २३० वर थेट लावला तर फ्यूज उडतो, कधी ट्रान्सफॉर्मरही जळतो. मग चालू ॲम्पच्या प्रीॲम्प ट्यूबवर (गिटारचा सिग्नल आधी वाढवणारी छोटी ट्यूब) पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा. स्पीकरमधून खणखणाट आला तर ती ट्यूब बदलायची. बारा-एएक्स-सात (12AX7) ही नेहमीची प्रीॲम्प ट्यूब कुठूनही मागवता येते, त्यामुळे एवढ्यावरून सौदा मोडू नका. पण भाव नक्की कमी करून घ्या.

आपल्याकडे व्होल्टेज खालीवर होतं, स्टॅबिलायझर हवाच. लाइट गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर वाजवू नका, घरघर येते आणि ट्रान्सफॉर्मर तापतो. अर्थिंग तपासा, नाहीतर गिटारच्या तारांतून झटका बसू शकतो. स्पीकर न जोडता ॲम्प कधीच वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. आणि बंद ॲम्पही स्वतः उघडू नका: कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठलेले असतात.