हायस्प्लिटची टीडम्प फाइल वाचताना हेडरच्या ओळी मोजू नका

हायस्प्लिट हे हवा कुठून कुठे गेली याचा मार्ग काढणारं सॉफ्टवेअर. त्याची मार्गाची टीडम्प (tdump) फाइल वाचताना 'पहिल्या इतक्या ओळी सोडा' असं स्क्रिप्टमध्ये लिहिलं की महिना बदलताच ती अडते. जितक्या हवामान-फाइली वापरल्या, तितक्या ओळी हेडरमध्ये वाढतात.

१. 'PRESSURE' हा शब्द असलेली ओळ शोधा. आकडे तिच्या पुढच्या ओळीपासून.
२. स्वल्पविराम नसतात, मोकळ्या जागेवर तोडा.
३. दहावा रकाना अक्षांश, अकरावा रेखांश, बारावा उंची. नववा वय, म्हणजे सुरुवातीपासूनचा वेळ, तासांत; काळात मागे जाणाऱ्या मार्गात उणे.
४. आरंभबिंदू अनेक असतील तर आधी पहिल्या रकान्यानुसार (मार्गाचा क्रमांक) गट पाडा. ओळी एकमेकींत मिसळलेल्या असतात, तशाच जोडल्या तर नकाशावर नुसतं जाळं दिसतं.

वर्ष दोनच अंकी येतं: २४ म्हणजे २०२४. शतक स्वतः जोडा.